चौपन्न सालची रॅले, कुंझुम पार

सायकलच्या मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, बारीक अक्षरांत ठोकलेलं आहे: एडब्ल्यू ५४ ११. स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब, नोव्हेंबर १९५४ चा. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी तो मला मिळाला तेव्हा त्याला रिम नव्हती, नुसत्या गंजक्या तारा लोंबत होत्या. फ्रेम त्याच पथारीवर मागे आडवी पडलेली, पुढचा बगळ्याचा बिल्ला शाबूत. रॅले, चोवीस इंची, काळी.

ती चालती करायला दीड वर्ष गेलं. आमच्या पेठेतल्या मिस्त्रीकाकांनी हब उघडून रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवला. सकाळी पुसून बघितला तर आतला एकही दाता तुटलेला नव्हता. चाकं त्यांनीच बांधली, आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढायला एक अख्खी दुपार घेतली. दांड्यांच्या ब्रेकचे सांधे मूळचे कसे असतात ते बघायला मी विक्रम पेंडसे यांच्या सायकल म्युझियमला दोन चकरा मारल्या. बीबीला, म्हणजे पायडलचा दांडा जिथे फिरतो त्या नळीला, रॅलेचे स्वतःचे आटे असतात, इंचाला २६, साध्या सायकलचे कप त्यात बसत नाहीत. त्यामुळे मूळचेच कप घासूनपुसून, नवे छर्रे आणि ग्रीस घालून परत बसवले.

आता ही कार्यक्रमात मिरवायची नाहीतर हॉलमध्ये टांगायची, असं सगळे धरून चालले होते. मला ते पटत नव्हतं. जाड टायर, पुढचं चाक धरणारा लांबट चिमटा, स्प्रिंगांची चामडी सीट, हे सगळं खडी-मातीच्या रस्त्यांसाठीच तर केलेलं होतं. मग तिला तसाच रस्ता दाखवायचा ठरवलं. हिमाचलमध्ये मनाली ते स्पितीतलं काझा, रोहतांग आणि कुंझुम या दोन खिंडी ओलांडून. बरोबर मामेभाऊ, त्याच्या नव्या डोंगरी सायकलवर.

गिअरबद्दल सगळे विचारतात म्हणून आधीच सांगते. साखळीची पुढची चकती ४६ दाती, मागची १८ दाती, अशी ही मुळात होती. पहिल्या गिअरमध्ये पायडलच्या एका फेरीला सव्वाचार मीटर पुढे जायची. घाटात हे अशक्य. मागे २२ दाती बसवली तेव्हा फेरी साडेतीन मीटरवर आली. मामेभावाच्या सायकलीत हीच फेरी दीड मीटरची आहे. म्हणजे जिथे तो बसून चढवणार, तिथे मी उतरून ढकलणार, हे निघतानाच मान्य केलं होतं. दिवसाचे टप्पेही त्या हिशेबानेच छोटे ठेवले.

पहिला दिवस: मनाली ते मढी

मनालीत दोन रात्री थांबलो होतो, उंचीची सवय व्हावी म्हणून. तो वेळ वाया गेला असं समजू नका. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे आणि मढी ३,३०० च्या आसपास, तेव्हा पहिल्याच दिवशी सव्वाहजार मीटर चढायचे असतात. येताना बसच्या डिकीत पुढचं मडगार्ड वाकलं होतं. ते हातानेच सरळ केलं आणि सकाळी सहाला निघालो.

सप्टेंबरचा दुसरा आठवडा. देवदारांतून ऊन यायला आठ वाजले. अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाल्यापासून लाहौलकडची वाहतूक डोंगराच्या पोटातून जाते. रोहतांगच्या रस्त्यावर उरतात ती पर्यटकांची वाहनं, आणि दुपारनंतर तीही पांगतात. सायकलवाल्याला याहून मोठं सुख नाही. गुलाब्याच्या पुढे मी बराच वेळ चालतच होते. चालताना एक कळलं, या सायकलचा हँडल ढकलायला फार सोयीचा आहे. मुठी मागे वळलेल्या, त्यामुळे पाठ न वाकवता चालता येतं.

मढीच्या ढाब्यावर राजमा-चावल खाल्लं. ढाबेवाल्याने ब्रेक दाबून बघितला, दांड्या वर-खाली होताना पाहिल्या आणि मुलाला हाक मारली, "देख, इसमें तार ही नहीं है।" मुलगा नंतर तासभर सायकलपाशीच बसून होता.

दुसरा दिवस: रोहतांग ओलांडून छत्रू

मढी ते खिंड सोळा किलोमीटर. धुकं इतकं की पुढे गेलेला मामेभाऊ दिसेना, नुसती त्याची घंटी ऐकू यायची. ३,९७८ मीटरच्या फलकापाशी पोचलो तेव्हा ढग एकदम फाटले आणि पलीकडे लाहौल दिसलं. अलीकडचा डोंगर हिरवागार, पलीकडे एक झाड नाही.

उताराची मला खरी धास्ती होती. दांड्यांचे ब्रेक रिमला आतल्या बाजूने दाबतात, आणि रिम लोखंडी. कोरडी असेल तर पकड बरी असते, पण रबर भराभर झिजतात. ग्रम्फूपर्यंतच्या वळणांत मी दर दोन-तीन किलोमीटरला थांबून रिमला हात लावून बघत होते. खाली पोचले तेव्हा पुढचे रबर निम्मे संपले होते. असा बेत करणाऱ्यांनी रबरांच्या चार तरी जोड्या घ्याव्यात. अजूनही साध्या सायकलच्या दुकानात मिळतात, किंमत किरकोळ असते आणि वजन काहीच नाही.

ग्रम्फूला डावीकडे केलाँग-लेह, उजवीकडे स्पिती. उजवीकडे वळलं की डांबर संपतं, आणि थोड्याच वेळात रस्ताही. उरते ती नदीकाठची गोट्यांची पट्टी. रुंदीकरणाचं काम जागोजागी चालू आहे, तोवर हे असंच. सतरा किलोमीटरला आम्हाला सव्वातीन तास लागले.

छत्रूला तंबूत झोपलो. आता लोसरपर्यंत मोबाइलला रेंज नसते, घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

तिसरा दिवस: छत्रू ते बातल

अंतर बत्तीस किलोमीटर. आकडा बघून फसू नका. संपूर्ण प्रवासातला सगळ्यात कठीण दिवस हाच.

पहाटे साडेपाचला निघालो, कारण नाले. ऊन चढलं की वरच्या हिमनद्या वितळतात आणि दुपारी नाल्यांचं पाणी फुगतं. सकाळी गुडघाभर असलेलं पाणी तीनच्या सुमाराला कमरेला लागतं आणि गोटे वाहून आणतं. पागल नाल्याशी पोचलो तेव्हा काठावर बर्फाचा पापुद्रा होता. बूट काढून गळ्यात अडकवले, सामान एकदा नेलं आणि दोघांनी मिळून रॅले खांद्यावर घेतली. एकोणीस किलो. पाण्यातून ढकलली असती तर हबमध्ये पाणी शिरलं असतं. पलीकडे जाऊन हबच्या टोपणातून तरीही चार थेंब तेल सोडलं. हा हब तेल प्यायला नेहमी तयार असतो.

छोटा दाराच्या अलीकडे दगड इतके मोठे होतात की रस्ता त्यांच्या मधून वाट काढत जातो. घराएवढे ग्रॅनाइटचे गोळे. तिथे आवाज सुरू झाला. डाव्या पायडलच्या प्रत्येक फेरीला टक्. मी ओळखलं, कॉटर.

ज्यांनी जुन्या सायकली चालवल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते, क्रँक, म्हणजे पायडलचा हात, दांड्यावर बसतो तो एका लोखंडी पाचरीने, तोच कॉटर. तिची एक बाजू तिरकी सपाट घासलेली असते. ती सैल झाली की क्रँक हलत राहतो, आणि हलत राहिला की पाचर आणखी झिजते. माझ्याकडे दोन नवे कॉटर होते, पाना होता. हातोडी नव्हती आणि कानसही नव्हती. कानस पुण्यात टेबलावर राहिली होती.

थोडं पुढे रस्त्याचं काम चालू होतं. दहा-बारा मजूर चहा पीत बसलेले. त्यांच्यातला एक, पन्नाशीचा असावा, डोक्याला मफलर, कप खाली ठेवून उठला. आवाज त्याने लांबूनच ऐकला होता. क्रँक दोन बोटांत धरून हलवला आणि म्हणाला, "कॉटर घिस गया है, दीदी।"

तो झारखंडचा, दुमक्याकडचा. उन्हाळा-पावसाळा इथे रस्त्याच्या कामावर, हिवाळ्यात गावी. त्याआधी कित्येक वर्षं त्याने सायकलवरून कोळसा वाहिला होता. फ्रेमच्या दोन्ही बाजूंना पोती, कॅरिअरवर पोती, मिळून दोन-अडीच क्विंटल, आणि सायकल चालवायची नाही, रात्रभर ढकलत न्यायची. त्याच्याकडची सायकलही अशीच, दांड्यांच्या ब्रेकची. "उसमें सबसे पहले यही जाता है," तो म्हणाला.

त्याने नट काढला, हातोडीचा एक नेमका ठोका देऊन जुना कॉटर बाहेर काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. सपाट बाजूवर नखाएवढी पायरी पडली होती. मग नवा कॉटर घालून बघितला. अर्ध्यातच अडकला. कानस कुणाकडेच नव्हती. तो उठला, शेजारच्या दगडावर बाटलीतलं पाणी ओतलं आणि कॉटरची सपाट बाजू ओल्या ग्रॅनाइटवर घासायला लागला. घाई अजिबात नाही. वीस-पंचवीस हात झाले की उचलायचा, उजेडाकडे धरून डोळा बारीक करून बघायचा, भोकात घालून बघायचा, पुन्हा घासायचा. दगडावर राखाडी रेघ उमटली. बाकीचे मजूर चहा संपवून कामाला लागले होते. मुकादमाने एकदा हाक मारली, तर याने मान न वळवता "आया" म्हटलं.

ठोकण्याआधी त्याने क्रँकच्या खाली एक चपटा दगड नीट टेकवला. "नहीं तो मार अंदर छर्रे पर लगेगा।" मिस्त्रीकाकांनी मला अगदी हेच सांगितलं होतं. चार ठोके, नट आवळला, आणखी दोन ठोके, परत आवळला. "दस किलोमीटर बाद फिर कसना।"

पैसे घेतले नाहीत. शेंगदाण्याच्या चिक्कीचं पाकीट घेतलं, आणि सायकल एकदा फिरवू का म्हणून विचारलं. त्या गोट्यांवरून तो सीटवर न टेकता तीस-चाळीस पावलं गेला आणि परत आला. उतरताना सीटवर दोनदा थोपटलं.

दहा किलोमीटरनंतर नट खरंच पाव फेरी फिरला. त्यानंतर काझापर्यंत आवाज नाही.

दुपारी मामेभावाच्या टायरला कडेने चीर गेली. ट्यूबलेसचं औषध तिथे थांबेना. आतून टूथपेस्टच्या रिकाम्या नळीचा तुकडा लावून ट्यूब घातली आणि ती शेवटपर्यंत टिकली. नळी फेकू नका, धुऊन सामानात ठेवा.

बातलला नदीवर लोखंडी पूल आहे आणि अलीकडे दगडी भिंतींचे ढाबे. इथलं वयस्क जोडपं चाचा-चाची म्हणून या रस्त्यावर सगळ्यांना माहीत आहे. बर्फात अडकलेल्या किती प्रवाशांना त्यांनी आसरा दिला आहे. डाळ-भात, वर तुपाची धार, आणि ओळीने घातलेल्या बिछान्यांवर जड रजया. संध्याकाळी बाटली घेऊन नदीवर गेले. आईने सांगितलं होतं, चंद्रभागेचं पाणी आण. ही चंद्रा. तांडीला तिला भागा मिळते, तिथून ती चंद्रभागा, आणि पुढे चिनाब. पंढरपूरला भीमा चंद्रकोरीसारखी वळते म्हणून चंद्रभागा, इथे दोन नद्यांची मिळून. आईला फोन लागला असता तर विचारलं असतं, अर्धी चालेल का. पाणी दुधट राखाडी होतं आणि हात बुडवला की हाडापर्यंत कळ जायची.

चौथा दिवस: कुंझुम आणि लोसर

बातल साधारण ३,९५० मीटरवर आणि कुंझुम ४,५५१. मधे बारा किलोमीटर आणि नुसती वळणं. इथे हवेचा दाब समुद्रकाठच्या साठ टक्क्यांहूनही कमी असतो. पुण्यात सिंहगड रस्त्यावर जी चढण मी बोलत-बोलत चढते, तसल्या चढणीला इथे पन्नास पावलं आणि थांबा, पन्नास पावलं आणि थांबा. मामेभाऊ पुढच्या वळणावर थांबून म्हणाला, "ताई, पिशव्या दे माझ्याकडे." नाही म्हटलं. तिसऱ्या वळणाला एक पिशवी दिली.

बहुतेक चढ चाललेच. सपाटीचे तुकडे येत तेव्हा बसायचे, पहिला गिअर, त्यात हब गुपचूप फिरायचा. दुसरा गिअर टाकला की त्याची टिक्-टिक्. आवाजावरून गिअर कळतो, खाली बघावं लागत नाही. हबमधून निघणाऱ्या गिअरच्या बारीक साखळीचा ताण मात्र रोज सकाळी तपासावा लागतो. ती सैल झाली तर दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे हब कुठेच पकडत नाही आणि उभं राहून मारलेलं पायडल हवेत जातं. गुडघा फुटायला तेवढं पुरे.

मागे वळून बघितलं की बडा शिगरी हिमनदीचं तोंड दिसायचं, माती-दगडांनी मळलेलं. नऊनंतर ढग खाली आले. खिंडीत पोचलो आणि बर्फ पडायला लागलं. भुरभुरीत, रव्यासारखं. कुंझुम मातेच्या देवळाला इथून जाणारी प्रत्येक गाडी प्रदक्षिणा घालते. आम्हीही घातली, सायकली हातात धरून. पताका ओल्या होऊन काठ्यांना चिकटल्या होत्या. देवळातल्या दगडाला नाणं चिकटलं तर मन चांगलं असं मानतात. माझं दुसऱ्या खेपेला चिकटलं, आणि मला खरंच बरं वाटलं.

मग उतार, एकोणीस किलोमीटर. पहिल्याच वळणावर ब्रेक दाबला आणि काहीही झालं नाही. ओली लोखंडी रिम, त्यावर बर्फाचं पाणी. दांड्या पूर्ण वर आल्या तरी सायकल त्याच वेगाने चालली होती. डावीकडे डोंगर होता. पाय टाकून, चाक कडेच्या मऊ मातीत घालून थांबले. छाती इतकी धडधडत होती की बराच वेळ हँडल सोडता येईना. मामेभाऊ सायकल टाकून धावत आला, काही बोलला नाही, माझे हातमोजे काढून माझे हात त्याच्या जॅकेटमध्ये धरून उभा राहिला.

त्यानंतर साडेचार किलोमीटर चालत उतरले. ढगाखाली आल्यावर रिमा फडक्याने पुसल्या, ब्रेक अर्धवट दाबून ढकलत रबर तापवले, आणि पकड आली तेव्हाच बसले. लोखंडी रिमची सायकल घेऊन जाणाऱ्यांना हात जोडून सांगते, खिंडीत पाऊस किंवा बर्फ असेल तर चालत उतरा. आणि त्या चालण्याचा वेळ दिवसाच्या हिशेबात आधीच धरा, म्हणजे घाई होणार नाही.

लोसरच्या तपासणी नाक्यावर वहीत नाव लिहितात आणि गाडीचा नंबर विचारतात. मी सीटच्या खाली फ्रेमवर ठोकलेला नंबर वाचून दाखवला. शिपायाने तो पूर्ण लिहून घेतला.

स्पितीत सप्टेंबर म्हणजे मटारचा मोसम. मुक्कामाच्या घरी चुलीच्या खोलीत मटारचा ढीग पडला होता, आणि घरातल्या आजी, सून, दोन नाती सोलत बसल्या होत्या. जुले, म्हणजे नमस्कार, म्हणून आम्हीही बसलो. इतके गोड मटार मी जन्मात खाल्ले नव्हते, सोललेल्यातले निम्मे तोंडातच जात होते. आजींना हिंदी फारसं येत नव्हतं. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं, तळव्यांवरचे फोड बघितले, उठून लोण्याची वाटी आणली आणि स्वतः चोळलं. रात्री थुक्पा, त्यात तेच मटार. बाहेर सायकल भिंतीला टेकवली होती, तिच्यावर सुनेने न सांगता गोणपाट टाकून ठेवलं होतं.

पाचवा दिवस: लोसर ते काझा

अठ्ठावन्न किलोमीटर, स्पिती नदीच्या कडेने, बराचसा उतार. कच्च्या तुकड्यांवर पन्हाळी पत्र्यासारखा रस्ता. इथे ही सायकल जशी चालली तशी कुठेच चालली नव्हती. लांब चिमटा हादरे गिळतो, सीटच्या स्प्रिंगा उरलेले, आणि २८ बाय दीडचे टायर थोडी हवा कमी ठेवून गोट्यांवरून नुसते वाहत जातात. हंसा गावाच्या पुढे मी दहा किलोमीटर एकदाही पायडल न मारता आले. ऊन लख्ख, हवा कोरडी, शेतांत मटारच्या गोण्या भरणं चाललेलं. मुलं हात करायची, मी घंटी वाजवायची. रंग्रिकच्या पुढे पुन्हा माणसांची आणि गाड्यांची गर्दी दिसायला लागली आणि तीनला काझाच्या बाजारात होतो.

रोख पैसे मनालीहूनच पुरेसे घ्या. परतीला मनालीची सरकारी बस पहाटे निघते, सायकल टपावर बांधतात. दांड्यांच्या खाली जुनी रजई किंवा गोणपाट घाला, नाहीतर सांधे वाकतील.

पुण्यात आल्यावर बाटली आईला दिली, अर्धी आहे हेही सांगितलं. तिने ती देव्हाऱ्यात ठेवली आहे.

सायकल मिस्त्रीकाकांकडे ओव्हरऑइलिंगला नेली. त्यांनी ती उलटी केली, चाकं फिरवून आऊट बघितला, तारा चिमटीत धरून दाबल्या. मग डाव्या क्रँकशी आले. चष्मा वर केला. कॉटरच्या डोक्यावरच्या ठोक्यांच्या खुणा अंगठ्याने चाचपल्या, क्रँक दोन्ही बाजूंना जोर लावून हलवून बघितला.

"हा कुणी बसवला?"

मी सांगितलं. दगडावर घासल्याचंही सांगितलं.

त्यांनी बाजूला काढून ठेवलेला नवा कॉटर उचलून परत डब्यात टाकला. "हा काढायचा नाही," म्हणाले, आणि उजव्या बाजूचा नट सोडायला घेतला.